जुन्या कामगारांच्या हातातलं कसब नव्यांपर्यंत पोचवायला सत्रात कोणत्या कृती घ्याव्यात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. तुमची मध्यम आकाराची फाउंड्री आहे, म्हणजे वाळूच्या साच्यांत (मोल्डमध्ये) वितळलेला धातू ओतून भाग बनवणारा कारखाना. वाळू, मोल्डिंग आणि ओतकाम या विभागांतले चार अनुभवी लोक येत्या वर्ष-दीड वर्षात निवृत्त होणार आहेत. एसओपी, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीचे कागद, तयार आहेत, लॅमिनेट करून मशीनशेजारी लावल्याही आहेत, तरी रात्रपाळीला आयटीआयची नवी मुलं असली की रिजेक्शन वाढतं. आता वरून निरोप आलाय की दोन तासांचं एक सत्र घ्या, वीस-पंचवीस जणांना बसवा आणि अनुभवाची देवाणघेवाण व स्पष्ट संवाद हे दोन्ही विषय त्यात घ्या. मागच्या वेळी तुम्ही पाठीला पाठ लावून चित्र काढायचा खेळ घेतलात, तेव्हा जुनी मंडळी म्हणाली, "आम्हाला काय पोरखेळ खेळायला बोलावलंय का?" तर यापेक्षा बऱ्या कृती कोणत्या, असं तुम्ही विचारताय.

कृती सांगतोच. मी फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं शिकवतोय, बहुतेक काम कोल्हापूर-सांगली पट्ट्यातलं. पण कृती निवडण्याआधी एक गोष्ट सुटी करून घ्यायला हवी, कारण मला वाटतं तुमचं मागचं सत्र तिथेच अडलं. तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र गुंतलेत.

पहिला असा की, सांगता येण्यासारखी गोष्ट नीट सांगितली गेली नाही. अमुक पॅटर्नचा (ज्यावरून मोल्ड उठवतात त्या नमुन्याचा) कोअर, म्हणजे भागातल्या पोकळीसाठी मोल्डमध्ये बसवायचा गाभा, बदललाय, हे दुसऱ्या पाळीला कळलंच नाही आणि रात्रभर जुने कोअर लागले. हा सरळ संवादाचा प्रश्न. दुसरा असा की, गोष्ट कितीही नीट सांगितली तरी नुसती ऐकून येत नाही. मूठभर वाळू दाबून ती मोल्डिंगला तयार आहे की नाही हे ओळखणं, किंवा लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) कलवताना धार कितपत ठेवायची हे हाताला कळणं. यालाच पुस्तकात टॅसिट नॉलेज म्हणतात. तिसरा प्रश्न असा की, माणसाला सांगता येतं, दाखवताही येतं, पण सांगायचं नसतं. त्याची कारणं असतात आणि ती समजून घ्यावी लागतात. त्याकडे शेवटी येतो, कारण ते सत्रात सुटत नाही.

तुमच्याकडे यातलं काय किती आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्हाला मात्र अर्ध्या दिवसात कळेल. मागच्या दोन-तीन महिन्यांचे रिजेक्शनचे रिपोर्ट काढा आणि प्रत्येक घटनेपुढे एकच प्रश्न लिहा: या मुलाला हे कुणी आधी सांगितलं असतं तर टळलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर तो संवादाचा प्रश्न. 'सांगितलं होतं, त्याला कळतही होतं, तरी झालं' असं उत्तर असेल तर तो हाताच्या सवयीचा प्रश्न. पहिल्याचं पारडं जड निघालं तर सत्राचा भर पाळी बदलतानाच्या हँडओव्हरवर ठेवा. दुसऱ्याचं निघालं तर सत्र कॉन्फरन्स रूममध्ये घेऊच नका, सँड प्लांटशेजारी घ्या.

हा भेद मी एवढा लावून का धरतो ते सांगतो. चित्र काढण्याच्या खेळातून लोक एकच निष्कर्ष घेऊन बाहेर पडतात: अधिक स्पष्ट बोला, अधिक सविस्तर लिहा. मग एसओपी दोन पानांची पाच पानांची होते आणि रिजेक्शन तिथेच राहतं. मायकेल पोलान्यी नावाचे हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. १९६६ मध्ये त्यांनी मांडलं की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त त्याला माहीत असतं. ओळखीचा चेहरा आपण हजारांत ओळखतो, पण कसा ओळखला ते सांगता येत नाही. हे नुसतं तत्त्वज्ञान आहे असं तुमच्या व्यवस्थापनाला वाटलं तर त्यांना हॅरी कॉलिन्स यांचं काम सांगा. टीईए नावाचा एक लेसर ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा तयार करायला बघत होत्या. त्याची माहिती शोधनिबंधांत छापून आलेली होती. कॉलिन्स यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की नुसत्या छापील माहितीवर कुणालाच तो चालू करता आला नाही. ज्यांना जमला, त्यांचा चालू लेसर असलेल्या प्रयोगशाळेतल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. शास्त्रज्ञांची ही गत असेल, तर लॅमिनेट केलेल्या कागदावरून आयटीआयच्या मुलाने वाळू ओळखावी ही अपेक्षा रास्त नाही.

आता कृतींकडे. पहिली घ्या गाठीची. ही माझी नाही. अमेरिकेत ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, म्हणजे टीडब्ल्यूआय, नावाचा सरकारी कार्यक्रम १९४० मध्ये सुरू झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात तिथले कुशल कामगार सैन्यात गेले व कारखान्यांत कधी मशीन न पाहिलेली माणसं भरावी लागली, तेव्हा तो कामी आला. त्यातला काम कसं शिकवावं हा भाग याच गाठीने सुरू व्हायचा. युद्धानंतर हा कार्यक्रम जपानात गेला, टोयोटाने उचलला, आणि आज लीनच्या, म्हणजे वेळ आणि माल वाया न घालवता काम करण्याच्या पद्धतीच्या, नावाखाली जे बरंचसं शिकवलं जातं त्याचा पाया इथे आहे.

गाठ कोणती? लोंबत्या बल्बच्या होल्डरमध्ये झाकणाच्या आत इलेक्ट्रिशियन मारतात ती. वायरला ओढ बसली तर ती स्क्रूवर न येता गाठीवर यावी म्हणून. कृती अशी: दोन पदरी, पीळ असलेली वायर घ्या. टोकाकडून साधारण सहा इंच पीळ सोडवून दोन्ही पदर सरळ करा. उजव्या पदराचा फास करा, तो मूळ वायरीच्या पुढून न्या. डाव्या पदराचा फास करताना पदर स्वतःकडे ओढा, उजव्या पदराच्या उरलेल्या टोकाखालून घ्या, मूळ वायरीच्या मागून न्या आणि उजव्या फासातून बाहेर काढा. दोन्ही टोकं सारखी ठेवून गाठ घट्ट ओढा.

हे वर्णन बरोबर आहे, क्रम बरोबर आहे, एकही पायरी गाळलेली नाही. तरी नुसतं वाचून ती गाठ बहुतेकांना मारता येणार नाही. सत्राची पहिली फेरी हीच. एका माणसाला पुढे बोलवा, त्याच्या हातात वायर द्या आणि हे शब्द स्पष्ट, सावकाश म्हणा. हाताने काही दाखवायचं नाही. तो 'मूळ वायरीच्या पुढून' इथे थांबतो आणि तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो. त्या क्षणी बाकीच्यांना विचारा, "कुणाला समजलं?" चार-पाच हात वर येतात. त्यांनाही वायर द्या. म्हणून आधीपासून तुकडे कापून ठेवा, प्रत्येकाला एक.

दुसऱ्या फेरीत काही बोलू नका. समोर उभं राहून तुमच्या नेहमीच्या वेगाने गाठ मारून दाखवा. आता तरी येईल असं सगळ्यांना वाटतं, पण येत नाही. समोरून बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं, आणि नेमकी महत्त्वाची हालचाल तुमच्या अंगठ्याआड होते. 'बघ आणि शीक' म्हणून आपण शॉपवर जे करतो ते हेच. जुना माणूस मशीनवर, नवा पलीकडच्या बाजूला उभा.

तिसऱ्या फेरीत त्या माणसाला तुमच्या शेजारी, तुमच्याच दिशेला तोंड करून उभं करा. आधी ही गाठ कुठे लागते आणि का, ते सांगा. मग एकदा सावकाश, फक्त टप्पे म्हणत दाखवा. दुसऱ्यांदा दाखवताना प्रत्येक टप्प्याचं मर्म सांगा: इथे पुढून, इथे मागून, इथे टोकाखालून. तिसऱ्यांदा मर्मासोबत कारण सांगा. मग वायर त्याच्या हातात द्या. पहिल्यांदा त्याला गप्प राहून करू द्या, चुकला तर तिथल्या तिथे थांबवा. नंतर त्याच्याच तोंडून टप्पे, मर्म आणि कारणं म्हणवून घ्या. यावेळी गाठ येते, आणि खोलीतल्या बहुतेकांना येते.

पुढे कुणाला बोलवायचं हे जपून ठरवा. सगळ्यात लाजाळू नवा मुलगा उभा केलात तर पहिल्या दोन फेऱ्या त्याच्या फजितीच्या होतील आणि लोक त्याच्यावर हसतील. आत्मविश्वास असलेला सुपरवायझर किंवा इंजिनियर बोलवा. आणि पहिल्या फेरीनंतर लगेच, मोठ्याने सांगा की चूक त्याची नाही, शिकवणाऱ्याची आहे. टीडब्ल्यूआयचं ब्रीदच तसं होतं: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. हे वाक्य जुन्या मंडळींसमोर म्हटलंत की खोलीतली हवा बदलते. आजवर त्यांनी 'ही नवी पोरं शिकतच नाहीत' एवढंच म्हटलेलं असतं, आणि आता प्रश्न त्यांच्या बाजूला येतो. म्हणून सूर आरोपाचा नको.

गाठ झाल्यावर फळ्यावर तीन रकाने काढा: टप्पा, मर्म, कारण. तुमच्या शॉपमधलं एखादं लहान काम घ्या, कोअर बसवणं किंवा मोल्डवर ब्लॅकिंग (काळा लेप) मारणं असं काहीही, आणि जुन्या-नव्यांच्या मिश्र गटांना ते तीन रकान्यांत मांडायला सांगा. मर्माचा रकाना भरताना वाद होतात, ते होऊ द्या. तुमची एसओपी काढून शेजारी ठेवा. बहुतेक एसओपींत टप्प्यांचा रकाना भरलेला असतो, मर्माचा अर्धवट असतो आणि कारणाचा कोराच असतो. कारण माहीत नसलेला मुलगा घाई झाली की नेमकी तीच पायरी गाळतो.

इथवर छान चाललेलं असतं आणि बरेच प्रशिक्षक इथे थांबतात. मला ते पटत नाही. गाठीला एक मर्यादा आहे. ती पूर्णपणे टप्प्यांत मांडता येते आणि दहा मिनिटांत येते. फक्त तीच केली तर लोकांना वाटतं की योग्य तऱ्हेने तोडलं तर कोणतंही काम असंच शिकवता येईल. त्यामुळे दुसरी कृती अशी हवी की जिथे टप्पे, मर्म, कारण सगळं सांगूनही हात लगेच बसत नाही. तुमच्याकडे त्यासाठी सगळ्यात उत्तम वस्तू ढिगाने पडलीय: वाळू.

चार ट्रे तयार करा. एका ट्रेत तुमची नेहमीची तयार वाळू. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे मोल्डिंगच्या अशा ओलसर वाळूत, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के असतो, तुमच्या लाइनचा आकडा लॅबकडून घ्या. दुसऱ्यात त्याहून कोरडी, तिसऱ्यात जास्त ओली. चौथ्यात ओलावा पहिल्याइतकाच, पण मलरमध्ये (वाळू मळायच्या यंत्रात) पुरेसा वेळ न फिरलेली वाळू, म्हणजे बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी चिकणमाती) कणांवर नीट चढलेलं नाही अशी. हा चौथा ट्रे महत्त्वाचा आहे. ओलाव्याच्या आकड्यावर तो पहिल्यासारखाच दिसतो, हाताला मात्र वेगळा लागतो. नमुने सत्राच्या थोडं आधी काढा आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवा. उघडे ठेवलेत तर पंख्याखाली तासाभरात वाळतील आणि तुमची सगळी तयारी वाया जाईल. लॅबमध्ये त्याच नमुन्यांचा ओलावा आणि कॉम्पॅक्टॅबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते ते) काढून चिठ्ठी बंद पाकिटात ठेवा. ट्रेवर फक्त नंबर घाला, आणि ते ओलाव्याच्या क्रमाने नकोत.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, चारही ट्रेंतली वाळू हाताळायची आणि कोणत्या वाळूवर मोल्ड मारेन, कोणत्या परत पाठवेन ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीवर नाव घालू नका, फक्त जुना की नवा एवढीच खूण. यात जुन्यांपैकी कुणाचा अंदाज लॅबशी जुळला नाही तर ते चारचौघांत उघड होता कामा नये. ज्यांच्याकडून शिकायचंय त्यांचा मान सत्रात गेला तर पुढे वर्षभर ते तोंड उघडणार नाहीत.

दुसऱ्या फेरीत जुन्या माणसांना ट्रेपाशी उभं करा आणि त्यांना बोलतं करा. इथे प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं ठरतं. "वाळू कशी ओळखता?" असं विचारलंत तर उत्तर येतं, "अनुभवाने कळतं." ते खोटं नसतं, पण त्याचा पुढच्याला उपयोग नाही. त्यांच्या हातात दोन नमुने द्या आणि विचारा, "या दोघींत फरक काय?" तुलना करायला लागला की माणूस तपशिलात बोलतो. मग ऐकायला मिळतं की मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, पण तळहाताला वाळू चिकटता कामा नये. गोळा मधोमध मोडला तर कडा सरळ तुटली पाहिजे, भुगा पडला तर ती कोरडी. आणखी दोन प्रश्न माझ्या नेहमीच्या उपयोगाचे: "काय दिसलं तर तुम्ही लाइन थांबवाल?" आणि "नवा मुलगा इथे हमखास कुठे फसतो?" त्यांचे शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहा. ते सुधारून 'योग्य आर्द्रता' वगैरे करू नका. नव्या मुलाला त्यांचा शब्दच हाताशी जोडता येतो.

कधी कधी दोन जुन्या माणसांत मतभेद होतो. एक म्हणतो ही चालेल, दुसरा म्हणतो नाही. तेव्हा तुम्हाला सावरून घ्यावंसं वाटेल, पण घेऊ नका. दोघांना वेगळं काय जाणवलं ते विचारा. एकाने हयात हाताच्या मोल्डिंगवर काढलेली असते, दुसऱ्याने मशीन मोल्डिंगवर, आणि दोघांचे निकष आपापल्या कामासाठी बरोबर असतात. ही माहिती तुमच्या कोणत्याही एसओपीत सापडणार नाही.

तिसऱ्या फेरीत ट्रेचे नंबर बदला. नव्या मुलांनी पुन्हा ओळखायचं, पण यावेळी प्रत्येक मुलासोबत एक जुना माणूस. मुलाने आधी आपला अंदाज बोलून दाखवायचा, मग जुन्याने लगेच बरोबर की चूक ते सांगायचं, आणि चूक असेल तर चांगली वाळू त्याच्या दुसऱ्या हातात द्यायची. एका हातात चांगली, एका हातात बिघडलेली. असं चार-सहा वेळा करू द्या. नंतर पाकीट उघडा.

त्यावर चर्चेत एकच गोष्ट पुढे आणायची. मुलांना विचारा की नेमकं कशाने सुधारलं: फळ्यावरच्या शब्दांनी, की दोन हातांत दोन वाळू धरल्याने? बहुतेक मुलं दुसरं सांगतात, आणि पुढे जोडतात की आधी शब्द ऐकले नसते तर काय शोधायचं तेच कळलं नसतं. शब्दांनी लक्ष कुठे द्यायचं ते कळतं, ओळख मात्र हातानेच होते आणि ती लगेच कुणीतरी दुरुस्त केली तर लवकर होते. हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे, तुम्ही आधी सांगून टाकू नका. चौथ्या ट्रेची गोष्टही इथेच काढा: आकडा तोच असताना जुन्यांपैकी ज्यांना वेगळं लागलं, त्यांना काय लागलं? लॅबचा इंजिनियर त्या वेळी खोलीत हजर असेल असं बघा.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांची फाउंड्री नाही त्यांच्यासाठी: कोणत्याही वर्कशॉपमध्ये हे बोल्टवर करता येतं. "हाताने पुरेसा आवळा" एवढंच सांगून प्रत्येकाला साध्या पान्याने एक-एक बोल्ट आवळायला द्या आणि नंतर टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलंय ते मोजणाऱ्या पान्याने) तपासा. मग प्रत्येकाला आपला आकडा कळल्यावर पुन्हा आवळायला लावा. तत्त्व तेच आहे.

तुम्ही घेतलेला चित्राचा खेळ वाईट नाही, त्याची जागा चुकली. हॅरॉल्ड लेविट आणि रोनाल्ड म्यूलर यांनी १९५१ मध्ये आयतांच्या आकृत्यांवर याच जातीचा प्रयोग केला होता. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायची अजिबात मुभा नाही, सांगणाऱ्याला तो फक्त दिसतो, त्याला फक्त हो-नाही म्हणता येतं, आणि मोकळं बोलता येतं, अशा चार पातळ्या ठेवल्या. मुभा वाढली तशी अचूकता वाढली, दोन्हीकडचा विश्वास वाढला आणि वेळही जास्त लागला. मुभा नसताना ऐकणाऱ्यांना सांगणाऱ्याचा रागही येत होता. हा खेळ सुपरवायझर, प्लॅनिंग आणि डिझाइनच्या लोकांसोबत घ्या, जे कागद पाठवून मोकळे होतात. तोही दोन पातळ्यांत घ्या आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा, म्हणजे प्रश्नांना दिलेला वेळ आणि वाचलेली चूक शेजारी शेजारी दिसेल. मोल्डिंगवर हयात घालवलेल्या माणसाला त्रिकोण-चौकोन काढायला लावू नका. त्याची तक्रार योग्य होती.

संवादासाठी तुमच्या गटाला मी हँडओव्हरची कृती देईन. ती लहान आहे. तुमच्याच रजिस्टरमधून एका खऱ्या पाळीची माहिती घ्या: एक पॅटर्न बदललाय, एका भट्टीचं लायनिंग जुनं झालंय, एक ऑर्डर थांबवलीय, एका लॅडलवर लक्ष ठेवायचंय. 'अ' ने 'ब' ला सांगायचं, 'ब' ने 'क' ला, आणि 'क' ने पहिल्या तासात काय करेन ते लिहायचं. एकदा नेहमीसारखं, शेवटी "समजलं ना?" विचारून. दुसऱ्यांदा असा नियम की "समजलं ना?" म्हणायला बंदी, त्याऐवजी "काय करणार ते मला सांगा" असं म्हणायचं आणि समोरच्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. आपल्याकडे "समजलं ना?" ला "हो साहेब" याशिवाय उत्तर नसतं, विशेषतः विचारणारा वयाने मोठा असेल तर. दोन्ही वेळच्या 'क' च्या चिठ्ठ्या शेजारी लावल्या की फार बोलावं लागत नाही.

परत सांगायला लावणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्यांना टेनेरिफची हकीकत सांगा. २७ मार्च १९७७ ला त्या बेटावरच्या विमानतळावर धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम यांची दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. केएलएमच्या वैमानिकांनी उड्डाणाच्या सुमारास रेडिओवर जे म्हटलं त्याचा अर्थ टॉवरने 'उड्डाणाच्या जागी थांबलोय' असा घेतला, आणि विमान तर धावायला लागलं होतं. दोन्हीकडे वर्षानुवर्षांचा अनुभव होता. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं, आणि मिळालेली सूचना परत बोलून दाखवण्याची शिस्त कडक झाली. वितळलेलं लोखंड हाताळणाऱ्यांना ही शिस्त कमीपणाची वाटायचं कारण नाही.

वेळेचं गणित असं बसवा. गाठ आणि तीन रकाने मिळून चाळीस मिनिटं, वाळू पन्नास मिनिटं, हँडओव्हर वीस, आणि उरलेली दहा मिनिटं उद्यापासून कोण कुणासोबत हे ठरवायला. काही कापायची वेळ आली तर रकान्यांचं काम नंतरच्या दिवसावर टाका. वाळूची तिसरी फेरी कापू नका, सत्राचा सगळा अर्थ तिच्यात आहे. आणि सुरुवातीला ओळखपरेड, गमतीचे प्रश्न वगैरे काही नको. ही माणसं एकमेकांना रोज भेटतात.

आता तिसरा प्रश्न, न सांगण्याचा. चौघांपैकी एखाद्याला वाटत असेल की हातातली कला दिली की आपली किंमत संपली, तर कोणत्याही कृतीने तो बोलणार नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. त्याने ती वर्षानुवर्षं भट्टीच्या धगीत उभं राहून कमावलीय. व्यवस्थापनाशी आधी बोला. निवृत्तीनंतर सहा महिने प्रशिक्षक म्हणून मानधनावर ठेवता येईल का? शिकवण्याचा वेळ उत्पादनाच्या टार्गेटमधून वजा होईल का? हा दुसरा मुद्दा जास्त कळीचा आहे. शिकवताना त्याचे मोल्डचे बॉक्स कमी निघाले आणि त्याचा इन्सेंटिव्ह कापला गेला, तर तो दुसऱ्या दिवसापासून शिकवणं बंद करेल, आणि ते बरोबरच आहे. याचं उत्तर 'नाही' आलं तर सत्र पुढे ढकला असं मी स्पष्ट सांगेन.

तसंच, नवी मुलं कोण आहेत ते बघा. कंत्राटावरची, सहा-सात महिन्यांत बदलणारी मुलं असतील तर वाळूची ओळख त्यांच्या हातात बसेपर्यंत ती निघून जातील. तिथे हे कसब टिकणाऱ्या दोन-तीन कायम लोकांनाच द्या आणि बाकीच्यांसाठी हँडओव्हर आणि तीन रकान्यांवर भर ठेवा.

शेवटी सत्रानंतरचं. दोन तासांत हात बसत नाही, फक्त कसा बसवायचा ते कळतं. म्हणून जोड्या त्याच दिवशी ठरवा आणि रोज पाळीच्या सुरुवातीला सँड प्लांटपाशी दहा मिनिटं द्या. मुलाने मूठ दाबून आपला अंदाज वहीत लिहायचा, मग जुन्याने आपला सांगायचा, लॅबची चिठ्ठी आली की तिसरा आकडा शेजारी घालायचा. क्रम उलटा झाला, म्हणजे जुन्याने आधी सांगितलं, तर मुलगा फक्त मान डोलावेल. ती वही आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः बघा. दोघांचे अंदाज सलग जुळायला लागले की त्या मुलाला वाळू परत पाठवायचा अधिकार द्या, आणि तसं पाळीच्या सुपरवायझरला त्याच्यासमोर सांगा.

चौघांपैकी आधी कोण निवृत्त होतंय आणि प्रत्येकाकडे नेमकं कोणतं काम आहे हे लिहिलंत, तर जोड्या कोणत्या क्रमाने लावाव्यात ते सांगता येईल. ओतकामाचा माणूस आधी जाणार असेल तर वाळूऐवजी तिथून सुरुवात करावी लागेल, आणि गरम मेटलवर सरावाच्या फेऱ्या घेता येत नसल्याने ती आखणी बरीच वेगळी असते.